गोणपाटाची पाठ

सुब्राया, तुझे पाय उघडे राहिले बघ. गावभर माणसांची अंगं झाकणाऱ्या शिंप्याच्या मढ्याला कापड पुरलं न्हाई. सातासमुद्रापल्याड सरकारची कसली लढाई चाललीय, तिच्यापायी सुप्याच्या पेठेत धड मांजरपाटसुद्धा मिळत न्हाई. जो तुकडा मिळाला तो गळ्यापासनं ओढला तर घोट्यापर्यंतच आला. तू असतास तर तिरका धरून पुरवला असतास. मी माझ्या लग्नातल्या लुगड्याचा उरलेला तुकडा आणला आणि तुझ्या पायांवर घातला. तेच लुगडं, ज्याच्या तू राजाच्या बाह्या केल्या हुत्यास.

आणि तवा, तिरडी बांधायचं चाललेलं असताना, गावची पाटीलकी करणाऱ्या गौडाचा कारभारी अंगणात उभा राहून काय म्हणाला, ऐकलंस काय? "शिंप्यानं जन्मभर दुसऱ्याचं कापड खाल्लं, आता त्यालाच कमी पडलं." हळूच म्हणाला, पण माझ्या कानात जाईल इतपत मोठ्यानं. दोघं-तिघं हसले. तुझ्या मढ्यासमोर हसले! ज्यांच्या अंगावर तुझ्या हातच्या बंड्या हुत्या तेच हसले. जीभ झडत न्हाई रे अशांची, देव कुठं बघत असतो काय की.

मी तोंडाला पदर लावून गप बसले. समोर मढं असताना भांडायचं न्हाई, असं अव्वानं शिकवलंय आपल्याला. पण आता तेरावा झाला, सुतक फिटलं, आणि मला तुझ्याशी भांडायचं हाय. व्हय, त्यांच्याशी भांडून झालंय. त्याचं सांगते नंतर. आधी तुझ्याशी. आपलं भांडण अर्धंच राहिलंय, आणि तू ते तसंच टाकून हिवतापाचं निमित्त करून निघून गेलास. जिवंत हुतास तवा मी तोंड उघडलं की तुझं एकच. "अक्का, सुम्म बस." गप बस, गप बस! काय मिळालं गप बसून?

हे सगळं वाळवीपासनं सुरू झालं. देवीच्या जत्रेत आपल्याकडं सोंद्याच्या राजाचा खेळ करतात आणि राजाचा जुना जामा देवळाच्या पेटीत असायचा. जामा म्हणजे काय, घोट्यापर्यंत घेर असलेला, छातीवर आडवा येऊन बंदांनी बांधायचा राजाचा झगा. आप्पा सांगायचे, त्याला धरून चार माणसं उभी केली तरी घेर संपायचा न्हाई. त्या साली पेटी उघडली तर आत वाळवीची माती आणि गळ्याची एक पट्टी. गौडानं ती पट्टी तुझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सुब्राया, ह्याच्यावरनं नवा शिव." पट्टीवरनं जामा! शेपटी दाखवून म्हैस ओळख म्हणायची तऱ्हा. आणि तू म्हणालास, "शिवतो की." मान डोलवताना तुझं काही जात नव्हतं.

कापड कुठलं आणायचं? हळ्याळात न्हाई, खानापुरात न्हाई. मग गौडाच्या आईनं नवसाला देवीला नेसवलेलं इरकली लुगडं हुतं, डाळिंबी अंगाचं, टोपपदराचं, ते काढायचं ठरलं. गुरवानं देवीला कौल लावला. ओली फुलं देवीच्या अंगावर चिकटवली आणि सगळ्यांच्या समोर विचारलं, "आई, तुझं लुगडं राजाला दिलं तर चालंल काय?" उजवं फूल पडलं. झालं, कौल मिळाला. घंटा वाजली, गौडानं लुगडं तुझ्या खांद्यावर टाकलं, आणि तू ते घरी घेऊन आलास.

मी कातर पुढं सरकवली. तू ती उचलून फळीवर ठेवून दिलीस.

"का रे?" मी विचारलं.

"कौल द्यायला झालाय, अक्का. कापायला न्हाई झाला."

मला वाटलं थट्टा करतोयस. तुझं तोंड बघितलं तर थट्टा न्हाई. म्हणालास, "गुरवानं काय विचारलं? 'दिलं तर चालंल काय.' कापलं तर चालंल काय, असं कुठं विचारलं? देवीच्या अंगावरचं वस्त्र हाय. दिलेलं परत घेता येतं, कापलेलं परत कसं देणार?"

"अरे पण शिंप्याला द्यायचं म्हणजे कापायलाच की! शिंप्याला काय पूजा करायला देतात कापड?"

"मग तसं विचारायचं हुतं त्यांनी."

"जाऊन सांग मग. परत कौल लाव म्हणावं."

"आणि नकार आला तर? खेळच बंद पडंल. त्यापेक्षा मी बघतो."

हेच आपलं भांडण. त्या एका शब्दावरनं किती दिवस घातलेस! मी म्हणायची, देवी काय सुताचं माप घेऊन येणार हाय? तिला काय कळत न्हाई, जाम्याला कातर लागते ते? तू म्हणायचास, तिला कळतं म्हणूनच. मी म्हणायची, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तू म्हणायचास, आपल्याकडं बैलच न्हाई. मग मी हसायची, आणि भांडण तिथंच राहायचं.

पण एक खरं, तू बसलास तवा तुझे हात बघण्यासारखे हुते. लुगडं उभं न धरता आडवं धरलंस, म्हणजे काठ आपोआप खाली घेराला आला. कमरेला बारीक बारीक चुण्या घेत गेलास. पुढचा घेर असा भरला की आप्पांच्या गोष्टीतला जामा खोटा वाटावा. उरलेलं सगळं वर वळवून छातीच्या आत घडीवर घडी घातलीस आणि टोपपदर आडवा आणून बंदाखाली बसवलास. गौडाचा पोरगा बसवंत राजा हुणार हुता आणि बसवंत म्हणजे तुरकाटी. आतल्या घड्यांनी त्या तुरकाटीला छाती आली. बाह्यांना कापड उरलं न्हाई तवा मी माझं लग्नातलं लुगडं दिलं. ते मात्र खुशाल कापलंस. "तुझ्या लुगड्याला कौल लागत न्हाई," म्हणालास. मेल्या.

आणि पाठ? पाठीला काहीच न्हाई राहिलं. मग भाताचं गोणपाट धुतलंस, ऐनाची साल उकळून त्यात बुडवलंस आणि मानेपासनं खालपर्यंत पाठ गोणपाटाची केलीस. वर सगळं एकाच दोऱ्यानं टाचलंस. तीन पदरी दोरा, गुंद गावच्या माणसांनी जंगलातनं आणलेल्या मेणावर घासलेला. दोरा संपला की त्यालाच दुसरा जोडायचास, आणि शेवटची गाठ डाव्या बगलेत. मला बोट धरून दावलंस. "ही गाठ तोडून दोरा ओढला की सगळं सुटंल. थोडी सालं खेळ हू दे. मग नवं कापड मिळालं की मी स्वतः ओढतो आणि देवीचं देवीला परत."

बसवंताला तू ओटीवर उभा करून शिकवलंस, आठवतंय? "राजानं लोकांकडं पाठ करायची न्हाई. यायचं पुढं तोंड करून, जायचं मागं मागं सरकत." तो विचारायला लागला, का? तू म्हणालास, "राजा हायस न्हवं? राजा पाठ दावतो काय?" बिचारा दिवसभर ओटीवर मागं मागं सरकत हुता. एकदा तुळशीवर जाऊन आपटला.

पहिल्या साली खेळ झाला तवा मी बायकांत मागं बसले हुते. बसवंत आला, दिवट्यांच्या उजेडात तो डाळिंबी घेर फिरला, आणि कुंभारवाड्याहून आलेल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. लढाईत तो मागं मागं सरकत, छाती पुढं काढून लढला. लोक ओरडले, "ह्याला म्हणतात राजा! मरंल पण पाठ दावणार न्हाई!" तू पडद्यामागनं माझ्याकडं बघून डोळा मारलास. मला रडू आलं हुतं, सुब्राया. लई देखणा झाला हुता जामा. हे मी तुला कधी सांगितलं न्हाई, कारण सांगितलं असतं तर भांडणात तू जिंकला असतास.

दुसऱ्या साली त्या बसवंताच्या डोक्यात वारं शिरलं. टाळ्या पडल्या तसा गर्रकन फिरला. पाठ लोकांकडं! पुढून राजा, मागनं भाताचं पोतं. कुणीतरी ओरडलं, "राजा भरला, आता तोंड शिवा!" अख्खी जत्रा हसली. गौडा मात्र हसला न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर तुला बोलावून विचारलं, "माझ्या आईचं नऊ वार लुगडं तुला दिलं. पुढं दिसतंय ते अर्धंबी न्हाई. उरलेलं कुठं हाय?"

तू काय म्हणालास? "त्यातच हाय, गौडा."

"दाव मग."

"आता न्हाई दावता येणार."

आता न्हाई दावता येणार! अरे, चोर याहून काय वेगळं बोलतो? एक शब्द बोलायचास. "आत घड्या हायत, चाचपून बघा." तेवढं न्हाई बोललास. घरी आल्यावर मी तुझ्या अंगावर धावून गेले, तर म्हणालास, "अक्का, घड्या हायत म्हटलं की बघायला उसवतील. उसवला की जामा गेला. पुढच्या साली खेळाला काय घालणार? आणि तुमच्या पोराला छाती न्हाई म्हणून कापड आत गेलं, हे गौडाला चारचौघांत सांगू? सुम्म बस. काम आपलं बोलंल."

काम बोलतं? कामाला तोंड असतं काय रे? तोंड माणसाला असतं, आणि ते देवानं भाकर खायलाच दिलेलं न्हाई. तू गप बसलास आणि सगळा गाव बोलला. शिंपी कापड खातो, हे तर लोकांच्या तोंडी आधीच हुतं, आता त्याला तुझं नाव लागलं. बायका खण शिवायला आणायच्या आणि समोर बसून राहायच्या, तू कातर चालवताना तुझ्या हातावर डोळे लावून. मग आणायच्याच बंद झाल्या. तुझी पोर पाण्याला गेली तर तिला विचारायचे, "घरात रेशमी परकर हाय न्हवं तुला?" ती येऊन आईच्या कुशीत तोंड घालायची. तू बघायचास आणि सुईत दोरा ओवायचास. सुईत दोरा, हातात कापड न्हाई.

मला राग कुणाचा जास्त हाय ते मलाच कळत न्हाई. त्यांचा की तुझा. माझा नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं, तवा तू एवढासा हुतास पण गाडी घेऊन मला न्यायला आलास. घरी आणून पहिल्या दिवशी माझ्या हातात भाकर न्हाई दिलीस, सुई दिलीस. म्हणालास, "अक्का, तू बसून खाणाऱ्यातली न्हवंस." त्या दिवसापासनं मी मान वर करून जगले. माझी मान वर केलीस आणि स्वतःची खाली घालून गेलास, ह्याला काय म्हणायचं?

आणि त्यांची हिंमत ऐक. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच दिवशी, कारभारी जामा घेऊन दारात हजर! "अक्का, जत्रा जवळ आलीय. बगलेत जरा उसवलाय. तुमच्याच घरचं काम हाय, तुम्हालाच जमंल." कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी! चोराच्या घरी शिवायला टाकायला लाज न्हाई वाटली? मी जामा घेतला आणि दार लावून घेतलं.

दुपारभर तो मांडीवर घेऊन बसले. बगलेत बोट घातलं तर तुझी गाठ लागली. गिरिजा चुलीकडनं उठून आली. तुझ्या बायकोला तू ओळखतोसच, बोलली तर वर्षातनं एकदा. बाहीवरनं हात फिरवत म्हणाली, "वन्सं, तुमच्या मनात काय हाय ते कळलं मला. पण त्यांच्या हातचं एवढंच उरलंय."

"व्हय," मी म्हटलं. "आणि हे असंच राहिलं तर त्याचं नाव तसंच राहील."

"असा जामा परत कुणाच्यानं हुणार न्हाई."

"न्हाई हुणार. माझ्यानंबी न्हाई हुणार. मी बघत बसले हुते तरी मला जमणार न्हाई. पण पोरीला उद्या कुणी चोराची लेक म्हटलं तर तू काय जामा काढून दावणार हायस?"

तिनं जाम्याच्या घेरात तोंड घातलं. तुझा वास हुडकत हुती काय की. मग उठली, डोळे पुसले, लुगडं सावरलं. "चला," म्हणाली. "मी बी येते."

देवळाच्या अंगणात खेळाची बैठक बसली हुती. गौडा, गुरव, कारभारी, बसवंत, सगळी सोंगं घेणारी माणसं. आम्हा दोघींना बघून गौडा म्हणाला, "शिवून आणलास काय, अक्का?"

"आणलाय. आधी एक सांगा गौडा, ह्यात लुगडं किती हाय?"

गौडानं कारभाऱ्याकडं बघितलं. कारभारी म्हणाला, "अर्धं. उरलेलं तुझ्या भावाला ठाऊक, आणि तो गेला."

"तो गेला, पण मी हाय. हाताच्या काकणाला आरसा कशाला? ये, हा टोपपदर धर."

त्याला काही कळायच्या आत मी पदर त्याच्या हातात दिला. आणि सुब्राया, मी तुझी गाठ दातानं तोडली. दोरा ओढला. मला वाटलं हुतं मधेच अडकंल, खोटं कशाला बोलू. पण तुझा दोरा न्हाई अडकला. मेणाचा दोरा, सरसर आला. छातीच्या घड्या सुटल्या, मग चुण्या सुटत गेल्या, कमरेची एकेक चुणी टपटप उघडत गेली. "मागं सर," मी कारभाऱ्याला म्हटलं. तो मागं सरकला. "आणखी मागं." लुगडं येतंय आणि तो मागं मागं सरकतोय, अगदी तू बसवंताला शिकवलं हुतंस तसा, आणि शेवटी त्याची पाठ देवळाच्या भिंतीला टेकली तरी लुगडं अजून माझ्या हातात हुतंच. ह्या टोकाचा काठ त्या टोकाला, टोपपदर तिकडं, दुसरा पदर इकडं. सुईच्या भोकाबिगार एक भोक न्हाई. कातरीचं तर नाव न्हाई.

मी हातातलं टोक तसंच ताणून धरलं. म्हटलं, "देवीला विचारलंत, दिलं तर चालंल काय. कापलं तर चालंल काय असं विचारायला विसरलात. माझा भाऊ विसरला न्हाई. त्यानं तुमचा खेळ मोडू दिला न्हाई आणि देवीचं सूतबी तोडलं न्हाई. त्याला चोर म्हणालात. त्याच्या मढ्यासमोर हसलात. आता हसा."

कारभारी पदर धरून तसाच भिंतीला चिकटून उभा. गुरवानं पुढं येऊन त्याच्या हातातनं पदर काढून घेतला आणि कपाळाला लावला. बायका बाहेर गोळा झाल्या हुत्या, त्यातली एक मोठ्यानं रडली. आणि गौडा? गौडा चुकलो म्हणाला असंल, असं वाटतंय तुला? लई भोळा रे तू. गौडानं आधी लुगड्याकडं बघितलं, मग खाली पडलेल्या गोणपाटाकडं बघितलं, आणि म्हणाला, "अगं पण अक्का, आता जत्रेला राजा काय घालणार?"

मी गोणपाट उचलून बसवंताच्या हातात दिलं. "हे घाल. आणि जामा पाहिजे असंल तर त्या चोराला हुडकून आणा. त्याच्याबिगार कुणाला येत न्हाई."

बाह्या तेवढ्या काढून घरी आणल्या. त्या माझ्या हायत. दोराबी आणला, कारण तो तुझा हाय. सकाळी गिरिजा पोरीला घेऊन देवळात जाऊन आली. सांगत हुती, देवीला लुगडं नेसवलंय आणि चुण्यांच्या खुणा अजून मोडलेल्या न्हाईत, लांबनं बघितलं तर आईनं जामा घातल्यासारखं वाटतं. दारात दोन बायका खण ठेवून गेल्यात, तोंड न दावता. ते मी शिवीन. पण आज न्हाई.

आज मला तुझ्याशी शेवटचं बोलायचं हाय. एवढी सालं भांडले, हट्ट सोडला न्हाई, आज सोडते. कौल द्यायला झाला हुता. कापायला न्हाई झाला. तुझंच खरं, सुब्राया. मी हरले.

आता म्हण की रे, "सुम्म बस, अक्का." एकदा तरी म्हण.